अमेरिकेतील स्वतंत्र मंचीय कलाकारांसाठी फिस्कल स्पॉन्सरशिप: देणगीच्या धनादेशापासून हिशेबापर्यंत

अमेरिकेत एखादी नृत्यांगना, एखादा नाट्यदिग्दर्शक किंवा चार-पाच वादकांचा गट स्वतःच्या प्रयोगासाठी पैसे उभे करू लागला की थोड्याच दिवसांत देणगीदाराकडून एक साधा प्रश्न येतो: या देणगीवर करात वजावट मिळेल का? कलाकाराला व्यक्तिशः दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने केवळ भेट असते आणि तिच्यावर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. ती मिळते संघीय आयकर कायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खाली मान्यता असलेल्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर. खासगी फाउंडेशनांचीही अडचण अशीच असते. प्रवासासाठी, अभ्यासासाठी किंवा अशा प्रकारच्या कामासाठी व्यक्तीला थेट अनुदान द्यायचे, तर त्यांच्या निवडप्रक्रियेला आयआरएसची, म्हणजे संघीय करखात्याची, आगाऊ मंजुरी लागते, आणि मान्यता नसलेल्या गटाला द्यायचे तर त्या खर्चावर देखरेख ठेवण्याची वेगळी जबाबदारी येते. त्यामुळे अर्जदार मान्यताप्राप्त संस्थाच असावा, असा नियम करून पुष्कळ फाउंडेशने मोकळी होतात. सरकारी वाटही अरुंद आहे. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या कलांना अनुदान देणाऱ्या संघीय संस्थेकडून व्यक्तींना मिळणारी बहुतेक अनुदाने अमेरिकी काँग्रेसने १९९० च्या दशकाच्या मध्यात बंद केली. लेखकांच्या शिष्यवृत्त्या आणि काही मोजके सन्मान तेवढे मागे राहिले.

या अडचणीवरचा रूढ मार्ग म्हणजे फिस्कल स्पॉन्सरशिप. मान्यता असलेली एखादी संस्था तुमच्या प्रकल्पाला आपल्या छत्राखाली घेते, तुमच्या प्रकल्पासाठी आलेली देणगी आपल्या नावाने स्वीकारते, देणगीदाराला पावती देते, ठरलेले शुल्क कापून घेते आणि उरलेली रक्कम प्रकल्पाच्या खर्चासाठी तुम्हाला देते. वर्णन इतके सोपे असल्यामुळेच गैरसमज होतात. आयआरएसच्या १९६८ सालच्या एका निर्णयापासून ही सारी व्यवस्था एका अटीवर उभी आहे: प्रायोजक संस्थेने त्या पैशांवरचे नियंत्रण आणि ते कसे वापरायचे हे ठरवण्याचा अधिकार खरोखर स्वतःकडे ठेवला पाहिजे आणि त्याच्या नोंदी राखल्या पाहिजेत. म्हणजे तुमच्या मावशीने तुमच्या नाटकासाठी दिलेले पाचशे डॉलर संस्थेच्या खात्यात जमा झाल्यावर संस्थेचे होतात. ते तुमच्या कामासाठी राखून ठेवलेले असतात, पण तुमचे नसतात. संस्था नुसती पैसे पुढे ढकलणारी नळी झाली, तर वजावट धोक्यात येते आणि संस्थेची मान्यताही. पुढे येणारा प्रत्येक नियम, त्यातले काही त्रासदायक वाटले तरी, या एका गोष्टीतून निघालेला आहे, आणि ती पक्की लक्षात असली की करार वाचणे, देणगीचे आवाहन लिहिणे आणि पैसे मागणे ही तिन्ही कामे बरीच सोपी होतात.

तुम्हाला याची गरज आहे का

प्रायोजक शोधण्याआधी अंदाजपत्रकाची जमेची बाजू दोन भागांत मांडावी. तिकिटे, शिकवणीचे शुल्क, प्रयोगाचे मानधन, ध्वनिमुद्रणाची विक्री हे कमावलेले उत्पन्न; देणग्या आणि अनुदाने हे मिळालेले उत्पन्न. फिस्कल स्पॉन्सरशिपचा उपयोग जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या भागासाठी असतो. ज्या कलाकाराचे काम तिकिटांवर आणि कार्यशाळांवर चालते, त्याने केवळ संस्थेचे नाव सोबत असावे म्हणून वार्षिक शुल्क भरण्यात अर्थ नाही. उलट येत्या वर्षात एखाद्या फाउंडेशनकडे अर्ज करायचा असेल, किंवा वीस-पंचवीस ओळखीचे लोक प्रत्येकी शंभर-दोनशे डॉलर देण्याच्या तयारीत असतील, तर ही व्यवस्था फायद्याची ठरते.

एक पर्याय स्वतःची संस्था स्थापण्याचा असतो आणि उत्साहाच्या भरात बरेच जण तिकडे वळतात. आयआरएसकडे पूर्ण अर्जासाठी, म्हणजे फॉर्म १०२३ साठी, ६०० डॉलर शुल्क आहे. वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत आणि मालमत्ता अडीच लाख डॉलरच्या आत राहणार असेल, तर फॉर्म १०२३-ईझेड २७५ डॉलरमध्ये भरता येतो. पैशांचा आकडा मोठा नाही. मोठी आहे ती पुढची बांधिलकी: संचालक मंडळ, त्याच्या बैठकांची इतिवृत्ते, आयआरएसला दरवर्षी द्यायचे फॉर्म ९९० हे माहितीपत्रक, आणि बहुतेक राज्यांत देणग्या मागण्यापूर्वी करावी लागणारी स्वतंत्र नोंदणी. शिवाय संस्था मंडळाच्या ताब्यात असते, संस्थापकाच्या नव्हे. एकट्याच्या नावावर चालणाऱ्या कलाकाराला हे फार उशिरा उमगते. माझे मत असे की एका प्रयोगासाठी किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी स्वतःची संस्था काढू नये.

संस्था निवडताना

प्रायोजकत्वाचे दोन प्रकार कलाकारांच्या वाट्याला जास्त येतात, आणि या क्षेत्रात त्यांना मॉडेल ए आणि मॉडेल सी म्हणतात. मॉडेल ए मध्ये तुमचा प्रकल्प कायद्याने प्रायोजक संस्थेचाच भाग बनतो: कर्मचारी तिचे, करार तिच्या नावाने, विमा तिचा, आणि वेगळे लिहून घेतले नसेल तर निर्माण झालेल्या कलाकृतीवरचा हक्कही तिचा. मॉडेल सी मध्ये तुम्ही स्वतंत्र राहता. संस्था तुमच्या प्रकल्पाला आधी मंजुरी देते आणि जमा झालेल्या पैशांतून तुम्हाला अनुदान देते. नाटकाची संहिता, नृत्यरचना, संगीत हे सारे तुमचेच राहते, आणि त्याचबरोबर प्रयोगाची जोखीम, कलाकारांचे मानधन, सभागृहाचा करार, अपघात झाल्यास येणारे दायित्व हेही तुमचेच राहते. एकट्या कलाकारासाठी किंवा छोट्या गटासाठी मॉडेल सी पुरेसे असते. मॉडेल ए चा विचार तेव्हा करावा, जेव्हा वर्षभर पगारी माणसे ठेवायची आहेत आणि पगारपत्रक सांभाळण्याची तुमची तयारी नाही.

कलाक्षेत्रात हे काम करत आलेल्या संस्थांमध्ये १९७१ साली स्थापन झालेले न्यू यॉर्क फाउंडेशन फॉर द आर्ट्स, १९८६ पासून विशेषतः मंचीय कलाकारांसाठी काम करणारी न्यू यॉर्कची द फील्ड, १९९८ मध्ये सुरू झालेली फ्रॅक्चर्ड अॅटलस, सॅन फ्रान्सिस्कोतील इंटरसेक्शन फॉर द आर्ट्स आणि नृत्यासाठीची डान्सर्स ग्रुप, तसेच मिनेसोटातील स्प्रिंगबोर्ड फॉर द आर्ट्स ही नावे परिचित आहेत. कोणत्या संस्थेत सध्या प्रवेश सुरू आहे आणि शुल्क किती आहे, हे तिच्या संकेतस्थळावर अर्जाच्या दिवशीच पाहावे, कारण या अटी बदलत राहतात. मॉडेल सी साठी साधारणपणे पाच ते दहा टक्के शुल्क असते, मॉडेल ए साठी त्याहून जास्त. काही ठिकाणी प्रवेशशुल्क किंवा वार्षिक वर्गणीही असते, आणि सरकारी अनुदानावर कागदपत्रांचे काम वाढत असल्याने तिथे टक्केवारी चढी असू शकते.

आपल्या मराठी गटांपैकी काहींच्या मनात एक सोपी वाट असते: गावातील महाराष्ट्र मंडळाला ५०१(सी)(३) मान्यता आहे, मग त्यांच्याच नावाने देणग्या घेऊ. हे होऊ शकते, पण मंडळाच्या घटनेतील उद्देशांत तुमचे काम बसले पाहिजे, कार्यकारिणीने ठराव केला पाहिजे, लेखी करार झाला पाहिजे आणि खजिनदाराने तुमचा निधी वेगळा दाखवला पाहिजे. दर वर्षी-दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते आणि तोंडी आश्वासने नव्या कार्यकारिणीला बांधत नाहीत. ज्या मंडळाला पावत्यांची रोजची सवय नाही, त्याच्याकडे जाण्यापेक्षा हेच काम करणाऱ्या संस्थेला आठ टक्के देणे परवडते.

संस्था कोणतीही असो, तिची आर्थिक प्रकृती तपासणे हे तुमचे काम आहे, कारण तुमचे पैसे तिच्या खात्यात पडून राहणार आहेत. आयआरएसच्या संकेतस्थळावरील करमुक्त संस्थांच्या शोधसुविधेत तिची मान्यता चालू आहे ना, हे पाहावे. मग तिचे मागील तीन वर्षांचे फॉर्म ९९० वाचावेत; ते सार्वजनिक असतात आणि प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यात एकच गोष्ट पाहायची झाली, तर ताळेबंदातील निव्वळ मालमत्तेची दोन खाती पाहावीत: देणगीदारांनी विशिष्ट कामासाठी बांधलेला निधी आणि बंधन नसलेला निधी. बंधन नसलेल्या निधीत वर्षानुवर्षे मोठी तूट दिसत असेल, तर संस्था आपला घरखर्च प्रकल्पांच्या पैशांतून भागवत असण्याची शक्यता असते. पूर्वी असे घडलेले आहे आणि प्रकल्पांचे पैसे बुडालेले आहेत.

करार

करार बहुधा छापील असतो आणि त्यात फारसा बदल होत नाही, तरीही काही कलमे सही करण्याआधी समजून घ्यावीत. पैसे मागितल्यापासून किती दिवसांत मिळतात? काही संस्था आठवड्यातून एकदा रक्कम पाठवतात, काही महिन्यातून एकदा. सभागृहाची अनामत शुक्रवारपर्यंत भरायची असेल, तर हा फरक प्रयोग रद्द होण्याइतका मोठा ठरतो. पैसे आगाऊ मिळतात की आधी खर्च करून पावत्या दाखवाव्या लागतात? खात्यात किमान किती शिल्लक ठेवावी लागते, आणि काही महिने हालचाल झाली नाही तर त्या शिलकीचे काय होते? कलाकृतीचे हक्क कोणाचे, हे मॉडेल सी मध्येही लिहिलेले असावे.

सर्वांत महत्त्वाचे कलम बाहेर पडण्याचे. तुम्ही दुसऱ्या प्रायोजकाकडे जायचे ठरवले, तर शिल्लक निधी दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडे वर्ग होऊ शकतो, अशी स्पष्ट तरतूद हवी. ती रक्कम घरी नेता येत नाही. प्रकल्प बंद पडला तर ती धर्मादाय कामासाठीच राहते. मुलाखतीत हा प्रश्न विचारला म्हणून कोणी नाराज होत नाही, आणि नाराज होणारी संस्था टाळलेलीच बरी.

प्रायोजक संस्था काही कामे करू देऊ शकत नाही, हेही आधीच जाणून घ्यावे. ५०१(सी)(३) संस्थेला निवडणुकीतील कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करता येत नाही. राजकीय आशयाच्या नाटकाला हरकत नाही. पण त्या निधीतून चाललेल्या प्रयोगाच्या शेवटी एखाद्या उमेदवाराला मत देण्याचे आवाहन केले, तर संस्थेच्या मान्यतेवर बेतते.

देणगी मागताना

धनादेश संस्थेच्या नावाने लिहायचा आणि टिपणाच्या ओळीत प्रकल्पाचे नाव द्यायचे. तुमच्या झेल किंवा व्हेन्मो खात्यात आलेले पैसे ही तुम्हाला मिळालेली भेट असते आणि ती नंतर संस्थेकडे वळती करून देणगीदाराला मागील तारखेची पावती मिळत नाही. असे पैसे आले तर ते परत करून संस्थेच्या दुव्यावरून पुन्हा देण्याची विनंती करावी. थोडे अवघडल्यासारखे होते, पण दुसरा स्वच्छ मार्ग नाही. आवाहनात तुमचा प्रकल्प हा अमुक संस्थेचा प्रायोजित प्रकल्प असून देणग्या त्या संस्थेला दिल्या जातात, हे वाक्य यायलाच हवे. बहुतेक संस्था ते शब्दशः लिहून देतात. आपल्या शैलीत ते सुधारू नये. “आमची नाट्यसंस्था करमुक्त आहे” असे लिहिणे ही चूक आहे, कारण ती करमुक्त नाही.

घरच्यांच्या देणगीबाबत विशेष जपावे. आईवडिलांनी प्रायोजकाला दोन हजार डॉलर दिले आणि त्यातून तुमचे घरभाडे भरले गेले, तर ती देणगी नसून मुलाला केलेली मदत आहे, आणि संस्थेचे नाव मध्ये आल्याने तिचे स्वरूप बदलत नाही.

देणगीच्या बदल्यात काही दिले, तर वजावट तेवढ्याने घटते. शंभर डॉलर देणाऱ्याला चाळीस डॉलरचे तिकीट दिले, तर साठ डॉलरच देणगी ठरतात, आणि एकूण रक्कम ७५ डॉलरहून अधिक असल्याने हा हिशेब देणगीदाराला लेखी कळवणे बंधनकारक असते. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणाऱ्याला वजावटीसाठी संस्थेची लेखी पोच लागते. डोनर-अॅडव्हाइज्ड फंडातून, म्हणजे देणगीदाराने एखाद्या धर्मादाय संस्थेत आधीच जमा केलेल्या आणि ज्याच्या वाटपाबद्दल तो फक्त सल्ला देतो अशा निधीतून, पैसे आले असतील, तर त्या देणगीदाराला त्याबदल्यात तिकीट देऊच नये, कारण त्या निधीतून सल्लागाराला लाभ मिळता कामा नये. छायाचित्रकाराने फुकट काम केले, तर त्याच्या वेळेची किंमत वजावटीस पात्र नसते. त्याला मनापासून आभाराचे पत्र द्यावे, पावतीचे आश्वासन देऊ नये.

करकायद्यात २०२६ पासून झालेला एक बदल लहान देणगीदारांसाठी सांगण्यासारखा आहे. वजावटींची स्वतंत्र यादी न देणाऱ्या करदात्यालाही आता रोख देणगीवर १,००० डॉलरपर्यंत, आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत, वजावट घेता येते. तपशीलवार वजावट घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी वजावटीत धरली जात नाही. करसल्ला देण्याचे काम आपले नाही. आवाहनात एवढी माहिती देऊन बाकी त्यांच्या सल्लागारावर सोडावे.

तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणाऱ्या मित्रमंडळींना कंपनीच्या जोड-देणगीबद्दल, म्हणजे कर्मचाऱ्याच्या देणगीत कंपनी स्वतः घालते त्या रकमेबद्दल, आवर्जून विचारावे. कंपनीच्या पोर्टलवर शोधायचे ते प्रायोजक संस्थेचे नाव आणि तिचा नोंदणी क्रमांक. प्रकल्पाचे नाव वेगळ्या रकान्यात लिहायचे. ते लिहायचे राहिले तर पैसे संस्थेच्या सर्वसाधारण निधीत जातात आणि मग ते शोधून काढण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो. देणाऱ्याने पोर्टलची पोच तुम्हालाही पाठवली, तर हा त्रास वाचतो.

फाउंडेशनकडे जाणाऱ्या अर्जात कायदेशीर अर्जदार प्रायोजक संस्था असते, म्हणून मसुदा अंतिम तारखेच्या पुष्कळ आधी तिच्याकडे पोचला पाहिजे. किती आधी, ते तिच्या नियमावलीत असते आणि आदल्या रात्री केलेल्या विनंत्या ती फेटाळते. न्यू यॉर्क स्टेट कौन्सिल ऑन द आर्ट्ससारखी राज्यसंस्था वैयक्तिक कलाकारांच्या कामासाठीचे अर्ज प्रायोजकांमार्फत घेत आली आहे. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सला मात्र हा मार्ग चालत नाही. तिथे अर्जदार संस्था स्वतःच पात्र असावी लागते.

शुल्क, खर्च आणि कर

समजा, नृत्यनाट्याचा खर्च २०,००० डॉलर आहे आणि तिकिटांतून ५,००० येतील. उरलेले १५,००० देणग्यांतून हवेत. प्रायोजकाचे आठ टक्के आणि कार्डवरील सुमारे तीन टक्के धरले, तर १५,००० जमा होऊनही हातात १३,३५० पडतात. १५,००० हातात हवे असतील, तर आवाहन जवळपास १६,९०० चे करावे लागते. अंदाजपत्रकात शुल्काची वेगळी ओळ असावी. फाउंडेशनांना ती परिचित असते आणि ती लपवली तरच प्रश्न उठतात.

मॉडेल सी मध्ये संस्थेकडून मिळालेली रक्कम सर्वसाधारणपणे तुमचे उत्पन्न धरली जाते, आणि प्रयोगाचा खर्च तुम्ही शेड्यूल सी मध्ये, म्हणजे विवरणपत्राला जोडायच्या व्यवसायाच्या जमाखर्चाच्या तक्त्यात, दाखवता. निव्वळ उत्पन्न ४०० डॉलर किंवा त्याहून अधिक झाले, तर त्यावर स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के करही लागतो. इथे तारखांचा खेळ महत्त्वाचा आहे. डिसेंबरमध्ये दहा हजार डॉलर काढून घेतले आणि ते फेब्रुवारीतल्या प्रयोगावर खर्च केले, तर उत्पन्न एका वर्षात आणि खर्च दुसऱ्या वर्षात पडतो, आणि न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागतो. पैसे संस्थेकडे राहू देऊन जानेवारीत मागणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. प्रकल्पासाठी वेगळे बँक खाते उघडावे आणि प्रत्येक पावती त्याच दिवशी साठवावी, कारण खर्चाचा अहवाल संस्था मागणारच. सहकलाकारांना मानधन देण्यापूर्वी त्यांच्याकडून डब्ल्यू-९ हा करदाता क्रमांक कळवणारा फॉर्म भरून घ्यावा. २०२६ पासूनच्या मानधनासाठी १०९९-एनईसी हा मानधनाची माहिती कळवणारा फॉर्म देण्याची मर्यादा ६०० वरून २,००० डॉलर झाली आहे, तरी मिळणाऱ्याला उत्पन्न दाखवावेच लागते.

एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्या कलाकारांनी एक गोष्ट वेगळी पाहावी. प्रायोजकत्व मिळाल्याने काम करण्याचा परवाना मिळत नाही. अनुदानातून स्वतःला मानधन घेणे हे परवानगीविना केलेले काम ठरू शकते; तेव्हा अंदाजपत्रकात स्वतःच्या नावापुढे रक्कम लिहिण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावे, आणि सहकलाकारांनाही त्यांच्या व्हिसाबद्दल आधीच विचारावे.

प्रायोजक बदलताना किंवा तो बंद होताना

प्रायोजक संस्थाही बंद होतात. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केले की ती त्या वर्षअखेरीस विसर्जित होणार आहे, आणि तिच्या छत्राखालील शेकडो गटांना काही महिन्यांत नवे घर शोधावे लागले किंवा शिल्लक खर्च करून टाकावी लागली. अशी सूचना आली तर पहिल्या आठवड्यात तीन कामे करावीत: खात्याचा शेवटचा उतारा आणि देणगीदारांची यादी उतरवून घ्यावी, मासिक देणगीदारांना त्यांचा दुवा कधी बंद होणार ते कळवावे, आणि ज्या फाउंडेशनकडे अर्ज प्रलंबित आहे तिला अर्जदार बदलत असल्याचे लेखी सांगावे. मासिक देणग्या आपोआप नव्या संस्थेकडे जात नाहीत; प्रत्येकाला कार्डाचा तपशील पुन्हा भरावा लागतो आणि त्यात काही जण गळतात.

स्वतःची संस्था काढायची वेळ आली, तर जुना करार लगेच संपवू नये. आयआरएसचे मान्यतापत्र हाती येईपर्यंत देणग्या प्रायोजकाकडेच घ्याव्यात, नव्या संस्थेचे बँक खाते आणि राज्यातील नोंदणी पूर्ण करावी, आणि मग कराराच्या कलमानुसार शिल्लक निधी थेट संस्थेकडून संस्थेकडे वर्ग करून घ्यावा. जुन्या प्रायोजकाला शेवटचा खर्चअहवाल दिल्याशिवाय ही रक्कम सुटत नाही, म्हणून तो आधीच तयार ठेवावा.